एप्रिलात आणलेल्या फुलांच्या कुंड्या पंधरा दिवसांत का बसतात, आणि वाफ्यातल्या मोकळ्या जागा मेअखेरपर्यंत भरलेल्या कशा ठेवायच्या

पाडवा झाला की कोल्हापुरात घरोघरी हीच तक्रार. फेब्रुवारीपर्यंत बाग भरलेली असते, पिटुनिया, डायन्थस, फ्लॉक्स, डेलिया, आणि मार्चच्या शेवटाला ही सगळी हिवाळी मंडळी बघता बघता पिवळी पडून बाद होतात आणि वाफ्यात नुसत्या मोकळ्या जागा उरतात. मग रविवारी नर्सरीत जायचं, फुलानं भरलेल्या सहा-आठ पिशव्या आणायच्या, कुंडीत घालून नाहीतर तशाच पिशवीसकट त्या जागेत मांडायच्या, चार दिवस बाग एकदम भारी दिसते, पाहुणे फोटो काढतात, आणि आठवड्यानं कळ्या गळायला लागतात, मग पानांच्या कडा करपतात, मग खालची पानं पिवळी, आणि मे उजाडेपर्यंत परत तीच मोकळी जागा, फक्त आता तिच्यात एक वाळकी काडी उभी. पुढच्या वर्षी परत नर्सरी, परत तेच.

"आमच्याकडं ऊनच लई आहे" हे सगळ्यांचं ठरलेलं उत्तर. ऊन आहेच, एप्रिल-मेत पारा ३८-३९ पर्यंत जातोय, पण सदाफुली, झिनिया, चिनी गुलाब, गलांडा ही झाडं उन्हाचीच आहेत. सदाफुली तर जुन्या भिंतीच्या फटीत, गटारीच्या कडेला, कुणी तांब्याभर पाणी न घालता भर मेत फुललेली दिसते की. मग तीच विकत आणून लाडानं कुंडीत ठेवली की का मान टाकते? माझं स्पष्ट मत असं झालंय की बहुतेक वेळा भानगड कुंडीच्या आत, मुळांपाशी असते, आणि आपण वरनं पानं बघून औषधं मारत बसतो. म्हणून रोप बदलायच्या आधी, खत टाकायच्या आधी कुंडी तपासा.

आधी सकाळी बघा, दुपारी नको

दुपारी दोनला झाड मलूल दिसलं की लगेच पाईप घेऊन धावू नका. मोठ्या पानांची झाडं, जास्वंद, सूर्यफूल, झिनिया, कडक उन्हात पानं खाली टाकतातच, जेवढं पाणी पानांतनं उडतंय तेवढं मुळं ओढू शकत नाहीत म्हणून, आणि संध्याकाळी सात-साडेसातला गार वारं सुटलं की परत ताठ होतात. खरी परीक्षा सकाळी साडेसहाला. सकाळी पण झाड मलूल असेल तर बोट मातीत दोन पेरं खुपसा. माती कोरडी असली तर तहान, सोपं आहे. माती ओली आणि तरीही झाड मलूल असलं तर बहुतेक मुळं गेलीत, एकतर उष्णतेनं भाजलीत नाहीतर पाणी साचून कुजलीत, आणि अशा झाडाला आणखी पाणी घालणं म्हणजे त्याला ढकलून देणंच. लोक इथंच फसतात, कारण दोन्हीकडं पानं सारखीच लोंबतात.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. माती बोटाला ओली लागते, कुंडीखालनं पाणी बाहेर येतंय, आणि तरी झाड तहानेनं मरायलंय. मागच्या उन्हाळ्यात राजारामपुरीत आमच्या काकूंकडं हेच बघितलं. पेंटासच्या चार कुंड्या, लाल फुलांच्या, पुढच्या वाफ्यात मांडलेल्या, चारीच्या चारी झोपलेल्या. म्हटलं, "काकू, पाणी किती घालतायसा?" तर म्हणाल्या, "सकाळी एक बादली, संध्याकाळी एक बादली घालतो की रे, तरी बघ कशी मान टाकलीया." एक कुंडी आडवी केली, बुडावर थापटून झाड बाहेर काढलं. बाहेरची बोटभर माती काळी, ओलीचिंब. तिच्या आत नर्सरीच्या पिशवीचाच आकार घेऊन बसलेला लाल मातीचा गोळा, विटेसारखा टणक, खुरप्याचं टोक आत जाईना. जोर लावून फोडला तर आतनं धूळ उडाली. मुळं सगळी त्या गोळ्याच्या आत अडकलेली, चार-दोन पांढरी टोकं तेवढी बाहेरच्या मातीत आलेली. "आगं बया, आत तर कोरडं ठणठणीत!" काकू म्हणाल्या. रोज दोन बादल्या पाणी त्या गोळ्याला वळसा घालून खालच्या भोकातनं निघून जात होतं.

हे का होतं तर आपल्याकडच्या नर्सऱ्यांत विकली जाणारी कितीतरी रोपं बाहेरनं ट्रकनं आलेली असतात, आंध्रातलं कडियम तर रोपांच्या धंद्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे, आणि ती रोपं चिकट लाल मातीत भरलेली असतात. प्रवासाला ती माती चांगली, गोळा फुटत नाही, पण एकदा का पूर्ण वाळली की परत पाणी पीत नाही. कोकोपीटचं पण तसंच, ओलं असतंय तोवर स्पंज, पूर्ण वाळलं की वरनं घातलेलं पाणी बाजूनं घरंगळतं.

उपाय एकच आणि बिनपैशाचा. बादलीत किंवा टबात पाणी घ्यायचं आणि कुंडी काठापर्यंत अलगद बुडवायची. बुडबुडे यायला लागतात, ते थांबेपर्यंत ठेवायची, साधारण वीस मिनिटं ते अर्धा तास, आणि मग सावलीत निथळायला ठेवायची. रात्रभर बुडवून ठेवू नका, मुळांना हवा पण लागते. नवीन आणलेलं प्रत्येक रोप घरी आल्या आल्या आधी असं बुडवा, मगच पुढचं. आणि उन्हाळाभर आठवड्यातनं एकदा. मोठी कुंडी उचलवत नसेल तर जुन्या छत्रीची काडी घेऊन गोळ्यात चार-पाच ठिकाणी खोल भोकं पाडा आणि पाणी थांबत थांबत तीनदा घाला. दुसऱ्या कुंडीत लावताना त्या लाल गोळ्याची बाहेरची बाजू काडीनं जरा खरवडून सैल करा, म्हणजे मुळं बाहेरच्या मातीत शिरतात. फक्त बोगनवेलीला हे करू नका, तिची मुळं नाजूक, गोळा हलला तरी ती रुसते.

कुंडी तापते

आता मुख्य मुद्दा. जमिनीतल्या झाडाच्या मुळांना वर कितीही ऊन असलं तरी चार बोटं खाली गारवा असतो. कुंडीतल्या मुळांना चारी बाजूंनी ऊन. त्यात नर्सरीची पिशवी काळी, कुंडी काळ्या प्लास्टिकची, आणि दुपारचं ऊन पश्चिमेकडनं सरळ कुंडीच्या पोटावर. मेमधे दुपारी तीनला अशा कुंडीच्या पश्चिम बाजूला हात लावून बघा, चटका बसतो. साधारण ४० अंशांच्या पुढं मुळं काम सोडायला लागतात आणि काळ्या कुंडीच्या उन्हाकडच्या बाजूची माती त्याच्या बरीच वर जाते. आणि नवी मुळं असतात कुठं? नेमकी कुंडीच्या भिंतीला लागून. म्हणजे जी पाणी ओढणारी, तीच आधी भाजतात. एखादं झाड एका बाजूनंच वाळलेलं दिसलं तर ती बाजू पश्चिमेची आहे का बघा.

वाफ्यात मोकळी जागा भरायचीच आहे ना, मग कुंडी वर मांडण्यापेक्षा पुरा. बरेच जण कुंडी पुरतात पण नुसता खड्डा काढून आत बसवतात, आणि वळीव पडला की त्या खड्ड्याचा हौद होतो. आपल्या शहराच्या पूर्वेला, हातकणंगले-शिरोळकडं काळी माती, ती उन्हात भेगाळते आणि भिजली की चिखल होऊन पाणी धरून बसते. पश्चिमेला पन्हाळ्याकडं तांबडी माती, तिच्यात निचरा बरा. काळ्या मातीत म्हणून जरा पद्धतशीर करावं लागतं.

मी सांगतो ती पद्धत अशी, की फुलाच्या कुंडीपेक्षा एक नंबर मोठी रिकामी प्लास्टिकची कुंडी घ्यायची, बुडाला आणखी भोकं पाडायची, आणि तीच वाफ्यात कायमची पुरायची, हा झाला साचा. खड्डा तिच्यापेक्षा चार बोटं जास्त खोल, तळाला विटांचे तुकडे नाहीतर फुटक्या माठाची खापरं. काठ जमिनीच्या दोन बोटं वर राहिला पाहिजे, म्हणजे पावसाचा गाळ आत वाहत येत नाही. मग त्या पुरलेल्या कुंडीत फुलाची कुंडी नुसती सोडायची. दोन्हींच्या मधल्या फटीत उसाचं पाचट बारीक तोडून भरायचं आणि ते ओलं ठेवायचं, कुंडीच्या मातीवर पण दोन बोटं पाचट. आपल्या जिल्ह्यात पाचटाला काय तोटा, ओळखीच्या शेतकऱ्याकडनं एक पोतं आणलं तर उन्हाळा निघतो. पाचट घातलेल्या आणि न घातलेल्या कुंडीला दुपारी हात लावून बघा, फरक सांगायला लागत नाही.

याचा मोठा फायदा असा की फुलं संपली की ती कुंडी उचलायची आणि दुसरी त्याच साच्यात सोडायची, एका मिनिटाचं काम, वाफा उकरायला नको. फक्त आठवड्यातनं एकदा आतली कुंडी अर्धी फिरवायची, नाहीतर भोकातनं मुळं खाली जमिनीत जातात आणि जूनमधे उपटताना तुटतात. मातीची कुंडी असेल तर साच्याविना सरळ जमिनीत पुरली तरी चालते, ती आजूबाजूची ओल शोषून घेते, पण मग भोवतालच्या मातीला पण पाणी द्यायचं, नाहीतर भेगाळलेली काळी माती उलट कुंडीतलंच पाणी ओढून घेते.

अडेनियम, काटेरी युफोर्बिया यांना मात्र पुरू नका. ती वाळवंटी, त्यांना तापलेली कुंडी चालते आणि ओल चालत नाही.

आणि ज्यांच्याकडं वाफाच नाही, नुसती पेव्हिंग ब्लॉकची कड आहे, त्यांनी कुंड्या एकेक लांब लांब मांडू नयेत. एकमेकींना चिकटून घोळका करा, मोठ्या कुंड्या पश्चिमेला, लहान त्यांच्या सावलीत, खाली दोन विटा म्हणजे तापलेल्या फरशीचा चटका बुडाला लागत नाही. बाहेरच्या कुंड्यांना गोणपाट गुंडाळा किंवा उन्हाकडच्या बाजूला चुना मारा. दिसायला फार भारी नाही, पण गोणपाटापुढं चिनी गुलाबाची एक ओळ ठेवली की झाकतंय.

हिवाळ्यातली सावली उन्हाळ्यात तिथं नसते

हा प्रकार फार जणांच्या लक्षात येत नाही. घराच्या उत्तरेची बाजू डिसेंबर-जानेवारीत दिवसभर सावलीत असते म्हणून लोक तिथं सावलीची झाडं ठेवतात, अबोली, बेगोनिया, इम्पेशन्स. पण २१ मार्चनंतर सूर्य पश्चिमेच्या जरा उत्तरेला मावळायला लागतो, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात तर कोल्हापुरात शून्य सावली दिवस असतो, सूर्य बरोबर डोक्यावर, आणि त्यानंतर ऑगस्टपर्यंत भर दुपारी पण तो आपल्या उत्तरेला. म्हणजे जी भिंत हिवाळाभर गार होती तिच्यावर एप्रिल-मेत चार वाजताचं तिरकं ऊन येतं, सगळ्यात तापलेलं. अबोलीच्या पानांवर मधोमध पांढुरके कागदासारखे डाग पडले असतील तर तो रोग नव्हे, उन्हानं भाजलंय. बुरशीनाशकाचे पैसे वाचवा आणि कुंडी पूर्वेकडं न्या, तिथं सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारनंतर घराचीच सावली पडते.

असेच डाग सदाफुलीवर किंवा झिनियावर पडले तर कारण वेगळं. नर्सरीत ती हिरव्या शेडनेटखाली वाढलेली असतात, आपण एका दिवसात त्यांना उघड्यावर आणतो. आठ-दहा दिवस सवय लावायची, आधी दोन-तीन दिवस झाडाखाली, मग सकाळचं ऊन, मग दिवसभर. हा वेळ द्यायचा कंटाळा येतो, कारण पाहुणे रविवारी येणार असतात आणि जागा आजच भरायची असते. त्यासाठीच पुढची गोष्ट.

फुललेलं रोप आणू नका, कळीतलं आणा

नर्सरीत सगळ्यात भरगच्च फुललेलं रोप उचलायची आपली सवय. त्या रोपाची सगळी ताकद तेव्हा फुलात गेलेली असते, त्यात जागा बदलली, ऊन बदललं, पाणी बदललं, ते कळ्या टाकणारच. दोन-चार फुलं उमललेली, बाकी कळ्या, बुटकं आणि फांद्यावालं रोप घ्या. पिशवीच्या भोकातनं मुळांचा झुपका बाहेर आलेलं असेल तर सोडून द्या, ते कधीपासनं तिथं पडलंय कुणाला माहीत. पान उलटं करून बघा, खालनं पांढरा कापूस किंवा बारीक जाळी दिसली तर कितीही स्वस्त देत असला तरी नको, ते घरच्या जास्वंदीला लागणार.

आणि जेवढ्या जागा भरायच्या त्याच्या दीडपट कुंड्या ठेवा. जादा कुंड्या मागं, न्हाणीच्या बाजूला किंवा जिन्याखालच्या उजेडात. पुढं दोन-तीन आठवडे झाले, बहर ओसरला की ती कुंडी मागं, तिची छाटणी, विश्रांती, आणि मागची कळीत आलेली पुढं. गणपतीच्या आराशीत नाही का, एक माळ सुकायच्या आत दुसरी तयार ठेवतो. ही फिरवाफिरवी केली नाही तर कितीही चांगलं रोप आणलं तरी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात जागा रिकामी पडणारच.

सगळं विकत आणायची पण गरज नाही. झिनिया आणि केशरी कॉसमॉसचं बी शिवरात्रीच्या सुमाराला टाकलं की सात-आठ आठवड्यांत फूल येतं, म्हणजे बरोबर हिवाळी वाफा बाद होतो तेव्हा. चिनी गुलाबाच्या बोटभर काड्या मोडून मातीत खोचल्या की महिन्याभरात फुलतात, दर तीन आठवड्यांनी दोन कुंड्या अशा भरत गेलात तर ताजा माल कायम हाताशी.

चिनी गुलाबाबद्दल एक तक्रार नेहमी येते, की "फुलतच नाही." नोकरीवाल्या माणसाला हे विचारा की तुम्ही घरी किती वाजता असता. त्याला ऑफिस टाइम उगाच म्हणत नाहीत, ते नऊ-दहाला उमलतं आणि दुपार कलली की मिटतं. तुम्ही साडेनवाला बाहेर पडणार आणि सातला येणार तर तुम्हाला ते कधीच दिसणार नाही, ते शेजाऱ्यांसाठी फुलतंय. अशा घरात पुढच्या जागेत मोगरा ठेवा, गुलबक्षी ठेवा जी चार-पाचला उमलते, पांढरी सदाफुली ठेवा जी संध्याकाळच्या अंधुक उजेडात पण दिसते.

मांडणीबद्दल जास्त काय सांगायचं नाही, फक्त एका जागेत पाच रंगाच्या पाच कुंड्या कोंबू नका. एकाच जातीच्या तीन एकत्र ठेवा, भरीव दिसतंय. मागं उंची हवी तर कर्दळ किंवा कोचिया. कोचियाला दिसण्यासारखं फूल नाही हे खरं, पण तो हिरवागार गोळा मेमधे डोळ्याला जेवढं सुख देतो तेवढं निम्मी फुलं देत नाहीत.

पाणी, क्षार आणि खताची घाई

पाणी सकाळी लवकर, खालच्या भोकातनं बाहेर येईपर्यंत. सहा इंची पिशवीतलं झाड मेमधे दुपारपर्यंत पण टिकत नाही, दहा-बारा इंची कुंडीत घाला. गच्चीवरच्या टाकीचं पाणी संध्याकाळी पाचला चांगलं गरम असतं, आणि अंगणात उन्हात पडलेल्या पाईपमधलं पहिलं पाणी तर चहाला चालेल एवढं. ते आधी बाजूला सोडा, हाताला गार लागलं की मग झाडाला. चार दिवस गावाला जाणार असाल तर वाफ्यात कुंड्यांच्या मधे एक जुना पाझरणारा माठ गळ्यापर्यंत पुरा, भरा आणि वर ताटली झाका, त्याच्या ओलीवर आजूबाजूच्या मातीच्या कुंड्या तग धरतात. नवा गुळगुळीत रंगवलेला माठ चालत नाही, पाझरला पाहिजे.

पानांची फक्त टोकं करपलीत आणि कुंडीच्या काठावर, मातीवर पांढरा थर बसलाय तर ते बोअरच्या जड पाण्याचं काम. शिरोळकडं क्षारपड जमिनी आहेत हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत, कुंडीत तेच छोट्या प्रमाणात होतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतो. वरचा थर खरवडून टाका आणि नळाचं गोडं पाणी कुंडीच्या मापाच्या दोन-तीनपट, सावकाश, आरपार जाऊ द्या. महिन्यातनं एकदा पुरे.

खताबद्दल एवढंच, की वाळलेल्या किंवा मलूल झाडाला खत घालू नका. फुलं कमी झाली की मूठभर युरिया किंवा डीएपी टाकणारे लोक आहेत, एप्रिलच्या उन्हात त्यानं मुळं जळतात, आणि जगलंच झाड तर नुसती पानं. आधी पाणी, दुसऱ्या दिवशी पातळ खत. कृषी सेवा केंद्रात मिळणारं ००:५२:३४ किंवा १३:००:४५ हे पाण्यात विरघळणारं खत घेतलंत तर लिटरला एक ग्रॅमच, शेतातल्या फवारणीचं प्रमाण कुंडीला लावू नका. घरचं करायचं तर चांगली कुजलेली शेणस्लरी दहापट पाण्यात. साखर कारखान्याची मळी, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ (प्रेसमड), बरेच जण फुकट मिळते म्हणून आणतात, ती वर्षभर कुजलेली असेल तरच, ताजी मळी आतनं गरम होते.

तीन झाडांच्या वेगळ्या तक्रारी

बोगनवेल. आणताना गुलाबी पेटलेली, घरी आली आणि आठ दिवसांत सगळा रंग खाली. हलवल्यामुळं झालंय, मेली नाही. उन्हात ठेवा, पाणी बेतानं, माती वरनं कोरडी झाल्यावरच. रोज पाणी मिळालं की ती हिरवी गच्च वाढते आणि रंग देत नाही. तिला जरा उपाशी ठेवलेलीच बरी.

जास्वंद. कळी मोठी होते आणि उमलायच्या आदल्या दिवशी गळते. गळलेली कळी नखानं फाडून बघा, आत बारीक पिवळसर-काळे किडे पळताना दिसले तर फुलकिडे. काही नसेल तर पाणी मागं-पुढं झालंय, एक दिवस कोरडं एक दिवस चिखल. पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, तो आधी पाण्याच्या जोरानं धुवून काढा, मग लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, ऊन उतरल्यावरच, भर उन्हात तेल मारलं तर पानं भाजतात. मोठ्या फुलांच्या हायब्रीड जास्वंदीपेक्षा आपली गावठी लाल जास्वंद उन्हाळ्यात दसपट बरी, आणि देवाला पण तीच लागते.

मोगरा. एप्रिल आला तरी कळी नाही म्हणजे जानेवारीत छाटला नाही, कारण तो नव्या फुटीवर फुलतो. आता फार उशीर झालाय असं नाही, फांद्या वीतभर छाटा, पानं काढा, शेणखत आणि पाणी द्या, महिन्या-सव्वा महिन्यात कळी दिसते. कळ्या जांभळट होऊन वाळत असतील तर आत अळी आहे, त्या तोडून पिशवीत बांधून टाका, खाली टाकू नका.

सगळ्याच झाडांच्या पानांवर बारीक पांढरे ठिपके आणि मागं जाळी दिसली तर लाल कोळी. कोरड्या हवेत तो झपाट्यानं वाढतो. दोन-तीन दिवसांआड सकाळी पानांच्या मागच्या बाजूनं जोरात पाणी मारा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

वळीव आणि मृग

एप्रिलच्या मध्यापासनं कधीही दुपारी ढग भरून येतात, तासाभरात वारा, पाऊस, कधी गारा. उंच कुंड्या पडून मोडतात त्या याच वाऱ्यात, साच्यात बसवलेल्या पडत नाहीत हा आणखी एक फायदा. वळीव झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक साच्यातली कुंडी उचलून बघा, खाली पाणी साचलेलं असेल तर कुंडी दिवसभर बाहेर ठेवा आणि तळाची खापरं साफ करा. त्या दिवशी पाणी घालायचं नाही, कितीही सवय असली तरी. आणि गारांनी फाटलेली पानं तशीच राहू द्या, नवी फूट आल्यावर काढा.

मृग निघायच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, पुरलेल्या सगळ्या कुंड्या वर काढा. इथला पाऊस एकदा लागला की साच्यांत पाणी उभं राहतं. झिनिया-कॉसमॉस तोपर्यंत संपलेले असतात, बी धरून उपटून टाका. चिनी गुलाबाच्या दोन कुंड्या बियाण्यासारख्या जपून ठेवा. मोगरा, जास्वंद, बोगनवेल उघड्यावर राहू द्या, फक्त विटांवर. सदाफुली मात्र पत्र्याखाली किंवा गॅलरीत न्या, जुलैच्या सततच्या पावसात तिचा बुंधा जमिनीलगत काळा पडून कुजतो आणि एकदा काळा पडला की ती वाचत नाही, वरच्या हिरव्या शेंड्यांच्या दोन-तीन काड्या तेवढ्या लगेच कोरड्या जागी लावून घ्या.